जेवायला बसलं की फुगणारा जबडा

रत्नागिरीच्या ताटात आंबटाची वानवा कधी नसते. आमटीत आमसूल, बांगड्याच्या कालवणात कैरी नाहीतर सोलं, चैत्रात पन्हं, जेवण संपताना सोलकढी आणि मधल्या वेळेला मीठ लावलेलं बिंबल. नुसती नावं वाचूनही तोंडाला पाणी सुटतं. ते सुटलं हे बहुतेकांच्या लक्षातही येत नाही. पण काही माणसांच्या चांगलंच लक्षात येतं. आंबटाचा पहिला घास घेतला की जबड्याखाली, एकाच बाजूला, कळ येते. तिथे गोळा उभा राहतो, कातडी ताणली जाते आणि माणूस घास तोंडात तसाच ठेवून हाताने जबडा धरून बसतो. तास-दोन तासांनी गोळा विरतो. रात्रीच्या जेवणाला पुन्हा तोच प्रकार.

पुढचा प्रवास बहुधा ठरलेला असतो. घरातली वडीलधारी मंडळी ‘गालफुगी आली’ म्हणतात आणि लेप लावतात. तो उतरल्यावरही दुखणं राहिलं की संशय दाढेवर जातो, आणि कधीकधी त्या गडबडीत एखादी बरी दाढ काढली जाते. मग अँटिबायोटिकचा पाच दिवसांचा कोर्स होतो. सूज उतरते आणि औषध लागू पडलं असं वाटतं. खरं तर ती औषधाशिवायही उतरणारच होती. महिन्याभराने ती परत आली की कुणीतरी ‘गाठ’ हा शब्द उच्चारतं आणि घरातल्या सगळ्यांची झोप उडते.

या सगळ्या धावपळीत निदान मात्र पहिल्या दिवसापासून रोग्याच्या बोलण्यातच असतं.

‘काकी, दुखतं कधी?’

‘जेवूक बसलं की. मग जातं आपोआप.’

एवढं उत्तर पुरतं. गालफुगी जेवणाची वेळ पाहून येत-जात नाही. दाढेचा ठणका रात्री वाढतो, गरम-थंड लागलं की वाढतो, पण जेवण आटोपलं म्हणून तासाभरात त्याची सूज गायब होत नाही. कर्करोगाची गाठ एकदा आली की राहते. जेवताना फुगायचं आणि जेवणानंतर ओसरायचं, हे वेळापत्रक असतं ते लाळेच्या वाटेत काहीतरी अडकल्याचं, आणि ते काहीतरी म्हणजे बहुधा खडा. मूत्रपिंडात होतो, पित्ताशयात होतो, तसाच लाळग्रंथीतही होतो. पहिल्या दोघांचा बोभाटा इतका झाला आहे की हा तिसरा भाऊ कुणाच्या खिजगणतीतही नसतो.

माणसाच्या तोंडात दिवसाकाठी साधारण अर्धा ते दीड लिटर लाळ येते. ती तयार करणाऱ्या मोठ्या ग्रंथींच्या तीन जोड्या असतात: एक कानाच्या पुढे-खाली, एक जबड्याच्या हाडाखाली, एक जिभेखाली. शिवाय ओठ, गाल, टाळू यांच्या अस्तरात शेकडो बारीक ग्रंथी विखुरलेल्या असतात. आपण काही खात नसतो तेव्हा तोंड ओलं ठेवण्याचं काम मुख्यतः जबड्याखालची जोडी करते. घास आला, विशेषतः आंबट आला, की कानापुढची जोडी जोराने कामाला लागते. ही सगळी यंत्रणा नसांच्या हुकमावर चालते, आणि हुकूम सुटायला घास तोंडात जाण्याचीही गरज नसते. रशियातल्या इव्हान पावलोव यांनी कुत्र्यांच्या लाळनळीचं तोंड गालाबाहेर वळवून लाळ थेंब-थेंब मोजली आणि अन्नाची नुसती चाहूल लागली तरी ग्रंथी पाझरतात हे दाखवून दिलं. (त्यांना १९०४ मध्ये मिळालेलं नोबेल मात्र याच्याही आधीच्या, पचनसंस्थेवरच्या कामासाठी होतं.) खडा झालेल्या माणसाला म्हणूनच समोरच्या ताटातली लोणच्याची फोड पाहूनही कळ येऊ शकते. घरच्यांना ते नाटक वाटतं. नाटक नसतं ते.

लाळेच्या खड्यांपैकी ८० ते ९० टक्के जबड्याखालच्या ग्रंथीत किंवा तिच्या नळीत सापडतात. उरलेले बहुतेक कानापुढच्या ग्रंथीत, आणि जिभेखालच्या ग्रंथीत अगदी क्वचित. हा पक्षपात का, याचं कारण त्या नळीच्या रचनेत आहे. जबड्याखालच्या ग्रंथीची नळी साधारण पाच सेंटिमीटर लांब. ती तोंडाच्या तळाच्या स्नायूच्या मागच्या कडेला वळसा घालून वर चढते आणि जिभेखाली, खालच्या पुढच्या दातांच्या मागे उघडते. म्हणजे लाळेला चढ चढावा लागतो, वाटेत वळण घ्यावं लागतं, आणि शेवटी जे दार लागतं ते साऱ्या वाटेतलं सगळ्यात अरुंद, जेमतेम अर्ध्या मिलिमीटरचं. त्यातून या ग्रंथीची लाळ कानापुढच्या ग्रंथीपेक्षा दाट, चिकट, अल्कधर्मी आणि तिच्यात कॅल्शियम अधिक. पोफळीच्या वाडीला पाणी देणाऱ्याला हे वेगळं सांगायला नको. पाटाच्या वळणावर एखादं झापाचं पातं आडवं पडलं की आधी त्याला गाळ धरतो, मग पाणी तुंबतं, आणि वरून पाण्याचा जोर वाढला की बांध फुगतो. एरवी संथ झिरपणारी लाळ खड्याच्या कडेने कशीबशी वाट काढते. जेवताना तिचा लोंढा येतो, तेव्हा ती तुंबते आणि ग्रंथी ताणली जाते.

हा खडा मुख्यतः कॅल्शियम फॉस्फेटचा, हाडांत आणि दातांत असतो त्याच जातीच्या खनिजाचा. मध्ये चिकट सेंद्रिय पदार्थ, मेलेल्या पेशी, जंतू यांचा गाभा आणि भोवती थरावर थर. रंग पिवळट, पृष्ठभाग खडबडीत. लाळेतून खनिज साचतं याचा पुरावा हवा असेल तर आरशासमोर उभं राहून खालच्या पुढच्या दातांच्या आतल्या बाजूला नख फिरवून पाहा. दातांवरचं किटण सगळ्यात जास्त जमतं ते तिथे आणि वरच्या दाढांच्या गालाकडच्या बाजूला. जबड्याखालच्या नळ्या नेमक्या त्या पुढच्या दातांमागे उघडतात आणि कानापुढच्या नळ्या वरच्या दुसऱ्या दाढेसमोर. दाराबाहेर जे किटण म्हणून साचतं, त्याचंच भावंड कधीकधी दाराच्या आत साचतं.

या नळ्यांना ज्यांची नावं मिळाली त्यांच्यापैकी एकाची गोष्ट सांगायचा मोह आवरत नाही. जबड्याखालच्या नळीला लंडनच्या थॉमस व्हार्टन यांचं नाव आहे. त्यांनी १६५६ मध्ये ग्रंथींवर एक आख्खा ग्रंथ लिहिला. कानापुढच्या नळीला नाव मिळालं ते डेन्मार्कच्या निल्स स्टेन्सन यांचं. १६६० मध्ये, बावीस वर्षांचा हा विद्यार्थी ॲमस्टरडॅममध्ये बाजारातून आणलेलं मेंढीचं डोकं घेऊन बसला होता. पाहायचं होतं काही वेगळंच. एका छिद्रात त्याने बारीक सळई सरकवली आणि ती पुढे जाऊन दातांवर टकटकली. त्या आवाजावरून त्याला कळलं की ही नळी कानापुढच्या ग्रंथीतून थेट तोंडात येते. त्याच्या गुरूने लगेच हा शोध आपलाच असल्याचा दावा केला आणि दोघांचं वाजलं. पुढे स्टेन्सन इटलीत गेले. १६६६ मध्ये फ्लॉरेन्सच्या दरबाराने त्यांच्याकडे एका प्रचंड शार्कचं, म्हणजे आपल्या भाषेत मुशीच्या जातभाईचं, डोकं तपासायला पाठवलं. तिचे दात पाहून त्यांच्या ध्यानात आलं की डोंगरात सापडणारे जे त्रिकोणी दगड लोक सापाच्या दगड झालेल्या जिभा समजत होते, ते प्राचीन शार्कचे दात आहेत. त्यातून १६६९ मध्ये खडकांच्या थरांवरचं त्यांचं छोटंसं पण पायाभूत पुस्तक आलं: खालचा थर जुना, वरचा नवा. भूशास्त्राची सुरुवात तिथून मानतात. लाळेची नळी शोधणारा माणूसच थर कसे साचतात हे पुढे जगाला सांगणार होता, हा योगायोग लाळेचा खडा कापून भिंगाखाली पाहणाऱ्याला नक्कीच आवडेल.

खडा कुणाला होतो? बहुधा तिशी ते साठीतल्या माणसांना, पुरुषांना थोडा जास्त. मुलांना क्वचित. वैद्यकाच्या पुस्तकांत शवविच्छेदनांच्या आधारे दिलेला जुना आकडा शंभरात एकाच्या किंचित वर आहे. पण त्यांतल्या बहुतेकांना जन्मभर त्याचा पत्ता लागत नाही. अंगात पाणी कमी पडणं हे याचं मोठं निमित्त, आणि रत्नागिरीत ते घडायला फार वाव आहे. एप्रिल-मे महिन्यात हापूसच्या बागेत सकाळपासून घळ घेऊन आंबे काढणारा गडी, मिरकरवाड्याहून बोट घेऊन गेलेला खलाशी, कलिंगडाच्या शेतात राबणारी बाई, या सगळ्यांचा घाम दमट हवेत सुकत नाही, नुसता वाहतो, आणि पाणी प्यायचं राहून जातं. लाळ दाटते. दुसरं निमित्त औषधांचं. सर्दी-ॲलर्जीच्या काही गोळ्या, नैराश्यावरची काही औषधं, लघवी वाढवणारी रक्तदाबाची औषधं यांनी तोंड कोरडं पडतं. पण म्हणून ती परस्पर बंद करायची नाहीत. तोंड कोरडं पडतं हे डॉक्टरांच्या कानावर घालायचं.

ज्याचा काही संबंध नाही अशा गोष्टींना मात्र दोष फार लागतो. ‘आमच्या विहिरीचं पाणी जड आहे’ हे कारण दर दोन घरांआड ऐकायला मिळतं. इंग्लंडमध्ये जड पाण्याचे आणि मऊ पाण्याचे भाग ताडून पाहिले गेले, तेव्हा लाळेच्या खड्यांशी पाण्याच्या जडपणाचा मेळ बसला नाही. आणि जांभ्यातून झिरपलेलं कोकणातलं पाणी तसंही बहुधा मऊच असतं. दूध सोडणं, टोमॅटोच्या बिया काढून टाकणं, पानाचा चुना बंद करणं यांतल्या कशानेही लाळेचा खडा टळल्याचा पुरावा नाही. पान-तंबाखू सोडायलाच हवी, पण तिची कारणं दुसरी आहेत आणि ती याहून कितीतरी भयंकर आहेत. मुतखडा झालेल्याला हा खडाही होणारच, असंही नाही.

आता तपासणीकडे. सोनोग्राफीआधी डॉक्टरांचा हात लागतो, तो असा: हातमोजा घातलेलं एक बोट जिभेखाली आणि दुसऱ्या हाताची बोटं बाहेरून जबड्याखाली. दोन्हींच्या मध्ये तोंडाचा तळ मागून पुढे हळूहळू चाचपत आणतात. नळीच्या पुढच्या भागात खडा असेल तर बोटाला टणक काहीतरी लागतं आणि रोगी तिथेच कळवळतो. मग डॉक्टर जीभ वर करायला सांगतात. जिभेखालच्या मधल्या पट्टीच्या दोन्ही अंगांना दोन बारीक उंचवटे दिसतात, त्या नळ्यांच्या तोंडाच्या जागा. बाहेरून ग्रंथी दाबली की निरोगी बाजूच्या उंचवट्यावर पाण्यासारखा स्वच्छ थेंब उभा राहतो. दुखऱ्या बाजूला काहीच येत नाही, किंवा गढूळ, कधी पिवळट पू येतो. कधीकधी तर खड्याचं पिवळं टोकच दारात डोकावताना दिसतं. ही तपासणी जेमतेम दोन मिनिटांची आहे. ती न करता तिसऱ्यांदा अँटिबायोटिक लिहून देणाऱ्याकडून उठून दुसरीकडे जायला हरकत नाही, असं माझं स्पष्ट मत आहे.

त्यानंतर सोनोग्राफी. स्वस्त, किरणांचा त्रास नाही, आणि दोन मिलिमीटरहून मोठे बहुतेक खडे तिच्यात दिसतात. जबड्याखालच्या ग्रंथीचे बहुतेक खडे साध्या एक्स-रेतही उमटतात, विशेषतः फिल्म दातांत धरून हनुवटीखालून काढलेल्या एक्स-रेत. कानापुढच्या ग्रंथीचे खडे मात्र पुष्कळदा एक्स-रेला हुलकावणी देतात. खडे अनेक असतील, खोलवर असतील, किंवा शस्त्रक्रिया ठरत असेल तर सीटी स्कॅन काढतात. सोनोग्राफीत काहीच दिसलं नाही आणि जेवताना फुगणं तर चालूच आहे, अशा वेळी नळी एखाद्या ठिकाणी आक्रसलेली असू शकते. लक्षण तेच, कारण निराळं.

उपचाराची पहिली पायरी कोकणी माणसाच्या स्वयंपाकघरातच आहे, आणि तिच्यात गंमत अशी की ज्या आंबटाने दुखणं उघडं पाडलं तेच इथे औषध म्हणून कामी येतं. खडा लहान असेल, नळीच्या पुढच्या भागात असेल आणि पू झालेला नसेल तर डॉक्टर सांगतात: दिवसभर भरपूर पाणी प्या, जबड्याखाली गरम पाण्याचा शेक द्या, आणि शेकानंतर आमसुलाचा तुकडा नाहीतर लिंबाची फोड चघळा. लाळेचा लोंढा आला की बोटांनी ग्रंथी मागून पुढे, जबड्याच्या कोपऱ्याकडून हनुवटीकडे, हलकेच निपटत आणा. कानापुढची ग्रंथी असेल तर कानाकडून ओठांच्या कोपऱ्याकडे. आतून लाळेचा रेटा आणि बाहेरून बोटांचा, असे दोन्ही मिळाले की लहान खडा कधीकधी आपसूक बाहेर पडतो. एखादा जेवताना दाताखाली कचकन येतो आणि माणूस तांदळातला खडा समजून थुंकून टाकतो. दुखणं त्या दिवसापासून गेलं, एवढंच त्याला नंतर आठवतं.

यात दोन पथ्यं सांगायला हवीत. आगळात, म्हणजे कोकमाच्या खारवलेल्या रसात, मीठ भरपूर असतं, तेव्हा रक्तदाबाच्या माणसाने आगळ पाण्यात घालून दिवसभर पीत बसू नये. बिनमिठाचं आमसूल किंवा लिंबू बरं. आणि आंबट सतत तोंडात राहिलं तर दातांचं वरचं कवच झिजतं, म्हणून चघळून झालं की चूळ भरावी. दात लगेच घासू नयेत. मधुमेही माणसाने लिंबाच्या गोळ्यांऐवजी बिनसाखरेचं च्युइंगगम चघळलं तरी काम होतं. दुखण्यावर साधी वेदनाशामक गोळी चालते. अँटिबायोटिकची गरज पडते ती जंतुसंसर्ग झाला तरच, म्हणजे ताप, सतत राहणारी सूज, लाल तापलेली कातडी, नळीतून येणारा पू असं काही असलं तर. त्या अवस्थेत आधी संसर्ग आटोक्यात आणतात आणि खड्याचं मग बघतात.

एक गोष्ट मात्र घरी थांबण्यासारखी नाही. जिभेखालचा सगळा तळ सुजून जीभ वर उचलली गेली, गिळता येईना, आवाज घोगरा झाला, श्वास घ्यायला त्रास होऊ लागला, तर रात्रीचे दोन वाजले असले तरी थेट मोठ्या रुग्णालयात जायचं. सूज मानेच्या खोल भागात उतरून श्वासाची वाट बंद करू शकते. असं फार थोड्यांचं होतं, आणि त्याचं मूळ बहुतेकदा किडलेल्या खालच्या दाढेत असतं, पण खड्यामागे झालेल्या पुवातूनही ते होऊ शकतं.

खडा आपसूक निघाला नाही तर काढायचा. कसा काढायचा हे ठरतं तो कुठे आहे आणि केवढा आहे यावर. जिभेखाली बोटाला लागणारा, नळीच्या पुढच्या भागातला खडा काढणं हे सगळ्यात समाधानाचं काम, असं कान-नाक-घशाचे डॉक्टर म्हणतात. पुष्कळदा फक्त ती जागा बधिर करून होतं. जिभेखाली इंजेक्शन देतात. मग पहिलं काम कापण्याचं नसतं. खड्याच्या मागच्या बाजूला नळीखालून एक टाका घेऊन ती उचलून धरतात, कारण हात लागताच खडा मागे ग्रंथीत सटकला तर सोपं काम अवघड होऊन बसतं. टाका बसला की थेट खड्यावर, नळीच्या लांबीने, बारीक छेद घेतात. पात्याला खडा खरखर लागतो. छेद पुरेसा झाला की पिवळा खडा वर येतो आणि त्याच्या मागोमाग तुंबलेल्या गढूळ लाळेचा फवारा. नळीचा हा छेद पुन्हा शिवून बंद करत नाहीत. शिवला तर जागा आक्रसते. नळीच्या कडा तोंडाच्या अस्तराला टाचून लाळेला नवं, मोकळं दार करून देतात. रोगी त्याच दिवशी घरी जातो आणि त्याला भरपूर पाणी प्यायला सांगतात, म्हणजे नवं दार वाहतं राहतं.

खडा जितका मागे, तितकं काम नाजूक. जिभेला स्पर्शाची जाणीव देणारी नस तिथे या नळीखालून तिला ओलांडून जाते. ती दुखावली तर जिभेची एक बाजू काही काळ, क्वचित कायमची, बधिर राहते. तरीही ग्रंथीच्या तोंडाशी असलेले मोठे खडेसुद्धा अनुभवी सर्जन आता पूर्ण भूल देऊन तोंडातूनच काढतात.

१९९०च्या आधी हे असं नव्हतं. मागचा खडा म्हणजे ग्रंथीसकट काढायचा, हा शिरस्ता होता. तो मोडला दोन वाटांनी. जर्मनीत एर्लांगनला हाइनरिश इरो आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी मुतखडा फोडणाऱ्या ध्वनिलहरींची लहान, नेमकी आवृत्ती लाळेच्या खड्यांवर वापरायला सुरुवात केली. त्याच सुमाराला पॅरिसमध्ये फिलिप कात्झ यांनी लाळेच्या नळीतच दुर्बीण घातली. इस्रायलमध्ये ओदेद नाहलिएली आणि जिनिव्हात फ्रान्सिस मार्शाल यांनी ती वाट पुढे रुंद केली. ही दुर्बीण साधारण ०.८ ते १.६ मिलिमीटर जाडीची असते. नळीचं तोंड तिच्याहून अरुंद, म्हणून आधी बारीक सळया एकामागून एक घालून ते हळूहळू ताणून घेतात, आणि दुर्बिणीसोबत सलाइन सोडत राहतात म्हणजे नळी फुगलेली राहते. पडद्यावर गुलाबी बोगदा दिसतो आणि त्याच्या टोकाला पिवळा खडा. तारेची इवलीशी टोपली खड्याच्या पलीकडे नेऊन उघडायची, खडा तिच्यात धरायचा आणि ओढून आणायचा. जबड्याखालच्या नळीत चार मिलिमीटरपर्यंतचा आणि कानापुढच्या नळीत तीन मिलिमीटरपर्यंतचा, सुटा हलणारा खडा असा अख्खा निघतो. त्याहून मोठा असला तर लेझरने आतच फोडतात. मात्र लेझरच्या उष्णतेने नळी पोळून नंतर आक्रसू शकते, म्हणून तिथे हात सावध लागतो. फारच मोठा असला तर दुर्बिणीने जागा हेरायची आणि बाहेरून किंवा तोंडातून छोटा छेद घेऊन काढायचा, असा मिलाफ करतात. कानापुढच्या ग्रंथीत हा मिलाफ फार मोलाचा, कारण चेहऱ्याची हालचाल करणारी नस त्या ग्रंथीच्या आतून फांद्या फुटून जाते. तिला धक्का लागला तर डोळा मिटत नाही, ओठ वाकडा होतो.

या पद्धतींनी काय साधलं याचा हिशेब युरोप आणि इस्रायलमधल्या केंद्रांनी मिळून २००९ मध्ये मांडला. एकंदर ४,६९१ रोगी. त्यांतल्या ८०.५ टक्क्यांचा खडा पूर्ण गेला, आणखी १६.७ टक्क्यांचा काही भाग निघाला आणि ग्रंथी काढावी लागली ती फक्त २.९ टक्क्यांची. हे आकडे तरबेज केंद्रांतले आहेत, ते कुठल्याही दवाखान्याला जसेच्या तसे लागू होत नाहीत. तरी वर्षानुवर्षं तुंबलेली ग्रंथी कामातून गेली असं समजून काढून टाकण्याची घाई नको, एवढं त्यांतून नक्की कळतं. खडा निघाल्यावर अशा पुष्कळ ग्रंथी पुन्हा पाझरू लागतात.

ग्रंथी काढावी लागते तेव्हा मात्र रडत बसायचं कारण नाही. खडे ग्रंथीच्या आत खोल आणि अनेक असतील, वारंवार पू होऊन ती निबर झाली असेल, तर ती काढणंच शहाणपणाचं. जबड्याखाली मानेच्या सुरकुतीत छेद घेतात. तिथल्या तीन नसा जपाव्या लागतात: खालचा ओठ हलवणारी, जिभेला जाणीव देणारी आणि जीभ हलवणारी. एक ग्रंथी गेली म्हणून तोंड कोरडं पडत नाही. बाकीच्या ते काम भागवतात.

आणि प्रत्येक गोळा खड्याचा नसतो, हेही इथेच सांगून टाकतो. जेवणाशी काही संबंध नसलेली, न दुखणारी, हळूहळू वाढणारी, टणक गाठ असेल, चेहऱ्याची एक बाजू ढिली पडली असेल, किंवा तंबाखू खाणाऱ्याच्या जिभेखाली न भरणारं व्रण असेल, तर आमसूल चघळत बसू नये. तिथे गाठीतून सुईने पेशी किंवा व्रणाचा लहान तुकडा काढून तपासणं हीच पहिली पायरी. दोन्ही बाजूंच्या ग्रंथी सुजून तोंड आणि डोळेही कोरडे पडत असतील तर तो आणखी वेगळाच आजार असू शकतो, संधिवाताच्या कुळातला.

रत्नागिरीच्या माणसाने जायचं कुठे? जिल्हा रुग्णालय आणि त्याला जोडून सुरू झालेलं शासकीय वैद्यकीय महाविद्यालय शहरातच आहे. चिपळूण तालुक्यात सावर्ड्याजवळ डेरवणला वालावलकर रुग्णालय आणि वैद्यकीय महाविद्यालय आहे. खेडला योगिता दंत महाविद्यालय आहे. चाचपून बघणं, एक्स-रे, सोनोग्राफी, आणि जिभेखालचा पुढचा खडा काढणं, हे काम कान-नाक-घशाच्या किंवा मुखशल्यचिकित्सेच्या विभागाच्या आवाक्यातलं. त्यासाठी मुंबईची गाडी पकडायची गरज नाही. दुर्बिणीचं काम मात्र मोठ्या शहरांतल्या ठरावीक डॉक्टरांकडेच होतं, आणि तिथे जाण्याआधी इथल्याच डॉक्टरांना चार प्रश्न विचारून घ्यावेत. खडा नळीत आहे की ग्रंथीत? किती मिलिमीटरचा? बोटाला लागतो का? एकच आहे की अनेक? बोटाला लागणारा असेल तर दुर्बीण कशाला, हा पाचवा प्रश्न रोग्याने स्वतःला विचारावा. ग्रंथी काढायचा सल्ला थेट पहिल्याच भेटीत मिळाला तर दुसरं मत जरूर घ्यावं. सरकारी योजनेत खर्च बसतो का, ते रुग्णालयातल्या आरोग्यमित्राला विचारता येतं.

खडा निघाल्यावर तो बाटलीत घालून देतात. तो जपून ठेवला नाही तरी चालेल. सोनोग्राफीचा जुना अहवाल मात्र फेकू नये. काहींना पुन्हा खडा होतो, कधी त्याच नळीत, कधी दुसऱ्या बाजूला. तेव्हा आधी केवढा होता आणि कुठे होता हे डॉक्टरांना पहिल्या पाच मिनिटांत कळतं.